स्टार-चॉकलेट म्हणजे लाच? (धागा भरकटलाय, जबाबदारीवर वाचा)

घोडबंदरकर: परवा इथे एका काकांनी लिहिलं, "अभ्यासासाठी चॉकलेट देणं म्हणजे लाच. आम्ही छडी खाऊन शिकलो, काय बिघडलं?" वाचून डोकंच फिरलं. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1938 मध्येच उंदरांवर हे करून पाहिलंय. आधी कळ दाबली की दाणा. मग दाणा बंद, आणि काही उंदरांना सुरुवातीला कळ दाबली की पंजावर फटका. ते थोडा वेळ गप्प बसले. फटके थांबल्यावर पुन्हा सुरू, आणि शेवटी कळ दाबण्याचा एकूण हिशेब मार न खाल्लेल्यांइतकाच! छडीने सवय जात नाही, दबा धरून बसते.

नौपाडा_जुना: ते काका मीच. फटका हलका असणार. आमचे गणिताचे सर हात लालबुंद करायचे, आजही तीसपर्यंत पाढे तोंडपाठ आहेत.

घोडबंदरकर: आणि सर रस्त्यात दिसले की गल्ली बदलायचात ना?

नौपाडा_जुना: बदलायचो. त्याचा इथे काय संबंध?

मीनल_ऐरोली: दोघंही अर्धंच सांगताय. फटका जबर असेल तर सवय बराच काळ दबते, हे पुढच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून पोरांना बडवायचं का? आणि बक्षीसवाल्यांनीही ऐका. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रांची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात ती बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. पाढ्यांना द्या स्टार, चित्रांना कशाला?

घोडबंदरकर: बरं, मान्य. काकांनी लगेच पेढे वाटू नयेत.

डक्टग्रस्त_वाशी: स्किनरने कबुतरांवरही प्रयोग केले होते, त्यामुळे त्याचं नाव काढलं की मला कबुतरंच आठवतात. आमच्या खालच्या आजी ज्वारी टाकतात, कधी सकाळी, कधी दुपारी, कधी नाहीच. एसीच्या मागे घरटी, वाळत घातलेल्या चादरींवर नक्षी.

नौपाडा_जुना: मुक्या जिवांना दोन दाणे घातले तर एवढा त्रास?

डक्टग्रस्त_वाशी: पत्ता द्या, तुमच्या गॅलरीत पाठवतो.

मीनल_ऐरोली: नेम नाही म्हणूनच ती हटत नाहीत. रोज ठरल्या वेळी मिळणारं बंद झालं तर लवकर नाद सोडतात, अधूनमधून मिळणाऱ्याची सवय चिवट. बंद केल्यावर आधी गोंधळ वाढेल. तेव्हा आजींना दया आली की संपलं. मॉलमध्ये लोळण घेणाऱ्या पोराला शेवटी मोबाइल देतात, तसंच. पोराला मोबाइल, आईबापांना शांतता, दोघांचीही सवय पक्की.

नौपाडा_जुना: मोबाइल काढून घ्या आणि एक ठेवून द्या.

घोडबंदरकर: काका, तुमचा नातू तुमच्याच मोबाइलवर कार्टून बघत जेवतो, असं मागे तुम्हीच लिहिलं होतंत.

नौपाडा_जुना: मग काय पोराला उपाशी ठेवू? उगाच वैयक्तिक होऊ नका.

डक्टग्रस्त_वाशी: नातवाचं नंतर बघा हो. जाळी लावणारा कुणी माहितीतला आहे का? सचिव म्हणतात, स्वखर्चाने लावा, आजींना आम्ही काही बोलणार नाही.