कव्हर लेटरमध्ये नेमकं लिहायचं काय? (अकाउंट्स, नागपूर)

वाडीकर: राम राम मंडळी. बी.कॉम. आहे, वाडीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात अकाउंट्स पाहतो. बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल (गाडीतल्या मालाचा जीएसटीचा ऑनलाइन कागद), टॅली, जीएसटी रिटर्न, ड्रायव्हरांचा हिशोब, सगळं माझ्याच टेबलावर. मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या औद्योगिक भागातल्या) एका वेअरहाऊसची जाहिरात आली आहे, रिझ्युमेसोबत कव्हर लेटर मागतात. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) एक फॉरमॅट आणला. 'रिस्पेक्टेड सर'पासून 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर'पर्यंत सगळं आहे त्यात, फक्त मी नाही. कोणाजवळ चांगला नमुना असला तर टाका न. अन् इंग्रजीतच लिहावं लागते का?

ऑरेंजसिटी_९०: काहून एवढी मेहनत बाप्पा? कोणी वाचत नाही ते. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट ठेव, झालं.

बुटीबोरी_एचआर: अर्धं खरं आहे. पोर्टलवरून बटण दाबून आलेले अर्ज मीही रिझ्युमेवरूनच गाळते. पण जाहिरातीत ईमेल दिला असेल तर मेल उघडल्यावर आधी दिसतो तो मजकूर, तेच तुमचं कव्हर लेटर. तिथे 'प्लीज फाइंड अटॅच्ड' एवढंच लिहून मोकळे होतात लोक.

वाडीकर भाऊ, नमुना मागू नका. तो बर्डीचा फॉरमॅट माझ्याकडेही येतो, नाव झाकलं तर पत्र कोणाचं ते कळत नाही. जाहिरात परत वाचा आणि वेअरहाऊसवाल्यांचं काम कुठे अडत असेल ते बघा. माल निघतो, ई-वे बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस, गाडी रस्त्यात बंद पडली की धावपळ. हे बाकीच्या बी.कॉम.वाल्यांना पुस्तकातून माहीत असतं, तुम्ही रोज निस्तरता. तेच वर घ्या.

आणि 'जीएसटीचं उत्तम ज्ञान' लिहू नका, सगळेच लिहितात. 11 तारखेचा जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) आणि 20 चा 3बी (कर भरायचं रिटर्न) तुम्ही स्वतः भरता की आकडे सीएकडे पाठवता? 14 ला 2बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता) आला की खरेदीशी ताळा कोण जुळवतं? मुलाखतीत मी पहिलं हेच विचारते, मग पत्रातच सांगून टाका ना.

धरमपेठची_काकू: भाषेचं विचारलंस म्हणून सांगते. जाहिरात ज्या भाषेत, अर्ज त्या भाषेत. पतसंस्था आणि मराठी शाळा अजूनही मराठी अर्ज मागतात, तिथे इंग्रजी पत्र उगाच परकं वाटतं. मिहानला इंग्रजी. सरकारी भरतीत मात्र ही कलाकुसर नको हो. तिथे विहित नमुना, त्याच्या बाहेर एक ओळ नाही.

पुण्याहून_परत: मध्येच घुसतोय. मला पुणे सोडून नागपूरला यायचंय. एचआर फोनवर पहिला संशय हाच घेतात की हा दोन महिन्यांत परत जाईल. पत्रात काय लिहू?

बुटीबोरी_एचआर: घर मनीषनगरला आहे, कायमचं परत येतोय, नोटीस पिरियड इतका. शेवटी दोन ओळी, बास. आईवडिलांच्या तब्येतीची कहाणी नको, वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं.

ऑरेंजसिटी_९०: चॅटजीपीटीकडून लिहून घ्या न राजेहो!

बुटीबोरी_एचआर: व्याकरण तपासायला घ्या की. पण त्यातली 'आय ॲम थ्रिल्ड टू अप्लाय' ही ओळ आता इतक्यांदा येते की मी तिथेच थांबते. ट्रान्सपोर्टच्या हिशोबात थ्रिल्ड कोण होतं?

वाडीकर: 😄 हे पाहा ताई, आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजी करतो:

"महोदय, आपल्या जाहिरातीतील अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज करत आहे. सध्या ट्रान्सपोर्ट कंपनीत जीएसटीआर-1 व 3बी मी स्वतः भरतो, 2बीचा ताळाही मीच जुळवतो. रायपूरला जाणारी आमची गाडी देवरीजवळ बंद पडली, तेव्हा (पार्टीचं नाव) यांच्या मालाचं ई-वे बिल संपायला आलं होतं. मुदत संपण्याआधीच्या 8 तासांत मी ती पोर्टलवर वाढवून घेतली, दुसरी गाडी लागताच तिचा नंबरही टाकला. माल दंडाशिवाय पोचला. नोटीस पिरियड एक महिना. राहायला नागपुरातच आहे."

धरमपेठची_काकू: छान आहे रे. 'आमची गाडी' म्हणालास, तेवढ्यात माणूस कळला.

बुटीबोरी_एचआर: हेच पाठवा. फक्त पार्टीचं नाव काढा. आजच्या मालकाची गिऱ्हाइकं उघडी करणारा उद्या आमचीही करेल, असं वाटतं वाचताना. पगाराची अपेक्षा त्यांनी विचारली नसेल तर लिहू नका. विषयात पदाचं नाव आणि जाहिरातीत संदर्भ क्रमांक असेल तर तो. रिझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. 'न्यू फायनल 2' नावाच्या फायली रोज येतात. आणि मेल स्वतःच्या आयडीवरून करा, ऑफिसच्या नको.

वाडीकर: ऑफिसच्याच आयडीवरून धाडणार होतो न ताई! थांबा, नवीन उघडतो.