स्पर्धेच्या घोड्याला सौम्य वेदनाशामक द्यावे की नाही?

फोंडेकर

माझी भाची बेंगळुरूला शिकते आणि तेथेच शो-जंपिंग, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याचा खेळ, खेळते. तिच्याकडे असलेला घोडा १४ वर्षांचा आहे. त्याच्या पुढच्या उजव्या पायात, खुराच्या वरच्या सांध्याला, सांधेदुखीची सुरुवात झाल्याचे निदान आहे. एरवी तो चांगला असतो, पण ओळीने दोन दिवस उड्या झाल्या की तिसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यातून बाहेर पडताना पहिली काही पावले आखडून टाकतो आणि मग मोकळा होतो. तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक मर्यादेत 'ब्यूट', म्हणजे फिनिलब्युटाझोन, चालते. मात्र आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांखालील स्पर्धेत ते रक्तात सापडले तर घोडा बाद होतो. माणूस डोके दुखले तर गोळी घेऊन कामावर जातो, मग घोड्याने ते दुखणे अंगावर काढावे असा आग्रह का, असे भाची विचारते. गोव्यात रेसकोर्स नसल्यामुळे या विषयातले माणूस सहज भेटत नाही, म्हणून येथे विचारतो.

डिचोलीचे पशुवैद्य (निवृत्त)

फोंडेकर, औषध सौम्य आहे की कडक, हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. फिनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन किंवा मेलोक्सिकॅम शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यात अडथळा आणतात, त्यामुळे सूज आणि वेदना दोन्ही कमी होतात. सांध्याची झीज मात्र तशीच राहते. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत घोड्याला कठीण जमिनीवर दुडक्या चालीने पळवतात. मान प्रत्येक पावलाला सारखी हलते की एका पायावर भार येताच डोके वर जाते, एवढेच पशुवैद्य पाहत असतो. लंगडणे ही घोड्याची एकमेव तक्रार आहे आणि ब्यूट नेमकी तीच झाकते. तक्रार झाकून त्याच पायावर सव्वा मीटरच्या अडथळ्यावरून उतरण्याचा भार टाकायचा, हे घोड्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार देण्यासारखे आहे.

हा वाद महासंघात एकदा पूर्ण होऊन गेला आहे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कोपनहेगनच्या सर्वसाधारण सभेत थोड्या प्रमाणातील ब्यूट, फ्लुनिक्सिन आणि सॅलिसिलिक आम्ल चालू देणारी यादी थोडक्या मतांनी मंजूर झाली. त्यावर युरोपात मोठा गदारोळ झाला, कारण तेथील काही देशांच्या प्राणिसंरक्षण कायद्यांनाच औषधाखालील जनावर स्पर्धेत उतरवणे मान्य नाही. अंमलबजावणी लांबली, २०१० च्या ऑगस्टमध्ये लोझान येथे खास परिषद झाली आणि नोव्हेंबरमध्ये तैपेईच्या सभेने सवलत नाकारली. तेव्हापासून तेथे स्पर्धेच्या काळात ही औषधे चालत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धांत मर्यादित मुभा आहे हे खरे. तेथेही ब्यूटचा शेवटचा डोस स्पर्धेच्या किमान १२ तास आधी द्यावा लागतो.

आपल्या हवेचा मुद्दा मला अधिक काळजीचा वाटतो. उष्म्यात राबणाऱ्या घोड्याला तासाला दहा लिटरहून अधिक घाम येऊ शकतो. पाणी कमी झालेल्या शरीरात ब्यूट मूत्रपिंडाला इजा करते आणि पोटात व मोठ्या आतड्यात व्रण पाडते. थंड देशातला डोस मे महिन्यातल्या घोड्याला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही.

पेडणेकर

डॉक्टरसाहेब, आपला आदर राखून थोडे वेगळे मांडतो. मी बरीच वर्षे पुण्याच्या पागांत काम केले आहे. संपूर्ण बंदीमुळे वेदना नाहीशी होत नाही, तिचा उपचार तेवढा आडवाटेने होतो. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आधी देऊन औषध अंगातून निघून जाण्याची मुदत संपवली की घोडा नियमाप्रमाणे शुद्ध ठरतो. दुखणे झाकले गेलेच ना? ज्याच्या खिशाला इंजेक्शन आणि चांगला पशुवैद्य परवडतो तो सुटतो, आणि फोंडेकरांच्या भाचीसारखी प्रामाणिक मुलगी अडकते. शिवाय चुकून सापडण्याची भीती वेगळी. फ्लुनिक्सिनवर असलेल्या घोड्याचे मूत्र पेंढ्यात मुरते, त्याच ठाणावर नंतर बांधलेला दुसरा घोडा तो पेंढा खातो आणि त्याच्या नमुन्यात औषध दिसते. मोतद्दाराने पेंढा वेळेवर बदलला नाही याची शिक्षा स्वाराला होते. अमेरिकेतील केंटकी डर्बी या घोडशर्यतीत १९६८ साली पहिला आलेला डान्सर्स इमेज हा घोडा ब्यूटमुळे बाद झाला आणि प्रकरण कित्येक वर्षे न्यायालयात चालले. पुढे त्याच राज्याने ते औषध चालू दिले. अगदी किरकोळ प्रमाणाला मुभा आणि त्यापुढे कडक शिक्षा, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

मडगावची फिजिओथेरपिस्ट

मी फुटबॉल खेळाडूंवर उपचार करते, त्यामुळे फोंडेकरांच्या भाचीच्या तुलनेवर लिहिते. माणसांच्या खेळात आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅकवर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बंदी नाही; ट्रॅमाडॉल या अधिक कडक वेदनाशामकावर मात्र १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात बंदी आहे. म्हणजे तेथेही रेषा ओढावीच लागली. खेळाडू स्वतः गोळी मागतो, घोटा बोटाने दाखवतो, आणि हाफ-टाइमला त्रास वाढला तर बाहेर येतो. (येतोच असे नाही. आमच्याकडे आंतरगावी सामन्यात गावाचे नाव राखायला मुले काय काय लपवतात ते मी पाहते.) घोड्याच्या बाबतीत गोळी देणारा, फायदा घेणारा आणि 'त्याला आता बरे वाटते' असे ठरवणारा माणूस एकच असतो. मुभेविरुद्धचे माझे कारण एवढेच आहे, आणि ते डोस कितीही कमी केला तरी सुटत नाही.

डिचोलीचे पशुवैद्य (निवृत्त)

पेडणेकर, पेंढ्याचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि त्यासाठी नमुन्यातील किमान पातळी ठरवणे योग्यच आहे. पण ती पातळी दूषितीकरणाची असावी, वेदना दाबण्याइतकी नसावी. इंजेक्शनची पळवाटही हळूहळू अरुंद होत आहे. ब्रिटिश घोडदौडीत सांध्यात स्टेरॉइड दिल्यावर १४ दिवस धावता येत नाही. एक पळवाट उघडी आहे म्हणून दुसरी उघडावी, हे मात्र मला मान्य नाही.

फोंडेकर

सर्वांचा आभारी आहे. भाचीला हा धागा पाठवला. तिने विचारले आहे की स्पर्धा संपल्यावर दोन-तीन दिवस ब्यूट दिले तर चालेल का, आणि पुढची स्पर्धा तीन आठवड्यांनी आहे.

डिचोलीचे पशुवैद्य (निवृत्त)

उपचार म्हणून जरूर द्यावे, पण तेथील पशुवैद्याने पाय पाहून डोस ठरवल्यावरच, आणि पाणी भरपूर ठेवून. प्रत्येक डोस तारीख-वेळेसह औषधनोंदवहीत लिहावा. ब्यूट नमुन्यात साधारण आठवडाभर सापडू शकते. हा आकडा किती दिवस सापडते याचा आहे, तेवढ्या दिवसांनी घोडा सुरक्षित असल्याची हमी त्यात नाही, म्हणून पशुवैद्य वरून आणखी काही दिवस धरतात. तीन आठवडे त्याला पुरतात. मात्र औषध थांबल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवून पाहा. तेव्हा पुन्हा आखडला, तर ती स्पर्धा सोडा, एक्स-रे नव्याने काढा आणि यंदा त्याला एक मीटरच्या खालच्या उड्यांवरच ठेवा. त्या उंचीवर नवशिक्या मुलांना शिकवायला असे शहाणे घोडे फार उपयोगी पडतात.