बिलेन, बोगोस आणि 'तिग्रे': मराठीत काय लिहावं?

भाषांतराचा हमाल: इरिट्रियावरचा एक जुना मजकूर मराठीत आणतोय. केरेनच्या आसपासच्या लोकांना त्यात कुठे 'बोगोस' म्हटलंय, कुठे 'बिलेन'. दोन्ही एकच का? त्यांच्यातल्या 'तिग्रे' वर्गाला मी सध्या 'गुलाम' लिहिलंय.

अनुस्वार: बिलेन (काही जण 'ब्लिन' लिहितात) हे लोकांचंही नाव आणि भाषेचंही. भाषा कुशितिक कुळातली, अगाव शाखेतली. शेजारच्या तिग्रे आणि तिग्रिन्या या भाषा मात्र सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातल्या. बोगोस म्हणजे बिलेन लोकांची केरेनकडची बेत तर्के शाखा. हलहलकडचे बेत तक्वे त्यात धरत नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीयांनी मात्र सरसकट सगळ्या मुलखालाच बोगोस म्हणून टाकलं.

'गुलाम' काढाच. मुन्झिंगर या स्विस अभ्यासकाने 1859 मध्ये बोगोसांच्या रूढींवर आणि कायद्यावर पुस्तक काढलं. त्यात वरचे 'शुमागिल्ले', खालचे 'तिग्रे'. तिग्रेंनी देणं द्यायचं, शुमागिल्लेंनी त्यांची पाठराखण करायची. विकत घेतलेले गुलाम वेगळे.

हमाल: मग 'कूळ' चालेल?

जुना बाजार: कूळ म्हटलं की आपल्याला सातबारा आणि कूळकायदा आठवतो. तिथलं नातं जमिनीशी कमी, घराण्याशी जास्त. 'आश्रित' लिहा. आणि तळटीप हवीच, कारण तिग्रे नावाचे लोक शेजारीच राहतात. नाहीतर वाचक अख्ख्या समाजाला आश्रित ठरवून मोकळा होईल.

हमाल: मजकुरात 'ख्रिस्ती बिलेन' असंच सगळीकडे आहे.

अनुस्वार: मिशनऱ्यांचा मजकूर दिसतोय! कॅथलिक आहेत, ऑर्थोडॉक्स आहेत, मुसलमानही भरपूर आहेत. घराबाहेरची भाषाही बहुधा त्यानुसार: मुसलमानांना तिग्रे येते, ख्रिश्चनांना तिग्रिन्या. लिपीचंही तसंच दुहेरी. राइनिश या ऑस्ट्रियन भाषाभ्यासकाने 1882 मध्ये मार्कचं शुभवर्तमान बिलेनमध्ये, गीझ (जुन्या इथिओपियन) लिपीत छापलं. आता शाळेत बिलेन शिकवतात ती रोमन लिपीत.

जुना बाजार: गावाचं नाव 'केरन' करू नका हो. दुसऱ्या महायुद्धात, 1941 च्या लढाईत आपली मराठा पलटणही तिथे लढली, 'केरेन' हा त्यांचा रणसन्मान आहे.

हमाल: बरं. शेवटचं एक. तिथे मरियम देआरित नावाचं ठिकाण आहे, 'बाओबाब'च्या झाडात.

अनुस्वार: गोरखचिंच लिहा की, मराठी नाव आहे त्या झाडाला. खोडाच्या पोकळीत मेरीची मूर्ती आहे, 29 मेला यात्रा भरते. 'यात्रा' खुशाल लिहा. 'देऊळ' मात्र नको, 'प्रार्थनास्थळ' पुरे.