मालिकांमधली श्रद्धा आणि शंका

प्रश्न
टीव्ही मालिकेत देव न मानणारे पात्र आले की पुढचे कथानक बहुधा ठरलेलेच असते: घरातले कुणीतरी मरणाच्या दारात पोहोचते, प्रार्थना फळाला येते आणि शेवटी ते पात्र हात जोडून उभे राहते. शंका हा जणू बरा व्हायलाच हवा असा आजार. श्रद्धावंतांना भोळसट न ठरवता शंकेचाही मान राखणाऱ्या मालिका कोणत्या, आणि त्यांना ते कशामुळे साधते?

प्रतिसाद १
दिग्दर्शक किश्लोव्स्की यांनी पोलंडच्या टेलिव्हिजनसाठी केलेल्या ‘डेकॅलॉग’ या दहा भागांच्या मालिकेचा पहिला भाग अवश्य पाहावा. गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ मुलाचे वजन पेलेल की नाही, याचे गणित प्राध्यापक बाप संगणकावर मांडतो. उत्तर निःशंक येते, तरीही बर्फ फुटतो आणि मुलगा बुडतो. नास्तिकाला देवाने शिक्षा केली, असा अर्थ काढू पाहणाऱ्याची तिथेच अडचण होते, कारण त्या मुलावर जीव लावणारी श्रद्धाळू आत्याही त्याच दुःखात होरपळते. पुढे बाप चर्चमधली वेदी उलथून टाकतो आणि मेणबत्तीचे मेण मेरीच्या चित्रातल्या गालांवर ओघळते. ते अश्रू मानायचे की नुसते मेण, याचा निवाडा दिग्दर्शक करत नाही, आणि मला तर हा प्रेक्षकावर टाकलेला सर्वांत मोठा विश्वास वाटतो.

प्रतिसाद २
शंका घेणारा तो नास्तिकच, हे गृहीतकही तपासायला हवे. ‘द वेस्ट विंग’ या अमेरिकी मालिकेच्या २००१ सालच्या एका भागात राष्ट्राध्यक्ष बार्टलेट हा सश्रद्ध कॅथलिक आपल्या सेक्रेटरीच्या अंत्यविधीनंतर रिकाम्या कॅथेड्रलमध्ये देवाला लॅटिनमध्ये खडसावतो आणि पेटती सिगारेट फरशीवर चिरडतो. ज्याच्या लेखी देव नाहीच, तो त्याच्याशी इतक्या पोटतिडकीने भांडेल कशाला?

प्रश्नकर्ता
हे पटले. पण हे दोन्ही एकेका भागातले प्रसंग झाले. संपूर्ण मालिकाभर हा ताण टिकतो का?

प्रतिसाद ३
बीबीसीच्या ‘ब्रोकन’मध्ये (२०१७) सहा भाग टिकला आहे. त्यातला धर्मगुरू स्वतःच्या योग्यतेविषयी सतत साशंक असतो, पण कर्जात बुडालेल्या, मुलगा गमावलेल्या माणसांशेजारी जाऊन बसणे सोडत नाही. त्याची श्रद्धा आपल्याला त्याच्या भाषणांपेक्षा या कामातून कळते. मात्र शेकडो भागांच्या मालिकेत हे पेलणे कठीण आहे, कारण तिथे कथानक अडले की चमत्कार हा लेखकाच्या अगदी हाताशी असतो.