ब्रॅम्प्टन (ओंटारियो, कॅनडा): आडनाव ऐकून बेसमेंट नाकारलं, तक्रार कुठे करायची?

बेसमेंटच्या_शोधात
आपल्याच मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवरची जाहिरात. घर बघून झालं, भाडं ठरलं. मग काकू हळूच म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?" सांगितलं. "नाही, वर आमचं देवघर आहे, आपल्यातलं कुणी असतं तर बरं." घर भाड्यानं द्यायचंय की सोयरीक जमवायचीय? संध्याकाळी मेसेज आला की जागा गेली. जाहिरात अजून तशीच आहे. मी वर्क परमिटवर आहे. तक्रार केली तर पीआरला (कायम वास्तव्याच्या परवान्याला) अडचण येईल का? आणि मानवी हक्क आयोगाकडेच जायचं ना?

ओंटारियोकर
आयोगाकडे नाही. ओंटारियोत 2008 पासून तक्रार थेट ह्युमन राइट्स ट्रायब्युनलकडे, म्हणजे मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे जाते, फॉर्म 1 भरून. फी नाही. घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे, ती चुकवू नका. आयोगाचा उपयोग वेगळा: ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांनी जातिभेदावर स्वतंत्र धोरण जाहीर केलं. कायद्यात 'जात' हा शब्द नाही, पण वंश, पूर्वज, धर्म, मूळस्थान यांखाली ती येते असं त्यात आहे. फॉर्ममध्ये नुसतं 'जात' लिहून थांबू नका, ही कारणंही नोंदवा. ट्रायब्युनल प्रांताचं आहे, पीआर केंद्र सरकार देतं. परमिट आहे म्हणून हक्क कमी होत नाहीत.

जुना_भाडेकरू
आधी एक सांगा, किचन किंवा बाथरूम त्यांच्याबरोबर शेअर करायचं होतं का? घरमालक किंवा त्याच्या घरचे तेच वापरत असतील तर कायद्याचं हे संरक्षण लागूच होत नाही. बऱ्याच तक्रारी इथेच अडकतात. आणि घरमालक-भाडेकरूंचे वाद बघणाऱ्या लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाच्या नादी लागू नका, तुम्ही अजून भाडेकरू झालाच नाहीत.

बेसमेंटच्या_शोधात
नाही, दोन्ही वेगळं. दारही बाजूनं.

नको_ती_कटकट
ताई, सोडून द्या. परदेशात आपणच आपल्या लोकांची अब्रू चव्हाट्यावर का मांडायची?

ओंटारियोकर
मांडली कुणी, देवघराचं कारण पुढे करणाऱ्यांनी की ज्यांना घर मिळालं नाही त्यांनी? 2023 मध्येच ब्रिटिश कोलंबिया या दुसऱ्या प्रांताच्या ट्रायब्युनलनं जातिवाचक शिवीगाळीच्या प्रकरणात तक्रारदाराच्या बाजूनं निकाल दिलाय. तो ओंटारियोवर बंधनकारक नाही, पण दाखवता येतो.

मात्र ताई, दुसरी बाजूही ऐका. वेळ भरपूर लागतो. निकाल नावानिशी इंटरनेटवर येतो, नाव झाकायची विनंती सहजासहजी मान्य होत नाही. वकील केलात तर जिंकूनही त्याचा खर्च समोरच्याकडून मिळत नाही. म्हणून आधी ह्युमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटरला फोन करा, सल्ला फुकट आहे. बरीच प्रकरणं मध्यस्थीतच मिटतात.

जुना_भाडेकरू
जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच घ्या, तारीख दिसली पाहिजे. काकूंचं बोलणं आठवतंय तसं, त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून ठेवा. इंग्रजी नंतर करता येईल.

बेसमेंटच्या_शोधात
स्क्रीनशॉट घेतला. फॉर्ममध्ये नाव काकूंचं टाकू की घर ज्यांच्या नावावर आहे त्या काकांचं?

ओंटारियोकर
दोघांचंही टाकता येतं. संपर्काचा पत्ता मात्र लागेल.