दोन फुटी टाकीत किती जाती ठेवाव्यात?

मूळ लेख (वर्तकनगर, ठाणे)

आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने मुलांसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी आणली आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याच दिवशी तीत दोन गोल्डफिश, दोन वाढलेले एंजल, सहा निऑन टेट्रा आणि काच स्वच्छ राहावी म्हणून एक सकर फिश सोडला. तिसऱ्या आठवड्यात एकही निऑन उरला नव्हता, कारण एंजल तोंडात मावेल तो मासा गिळतो. अशा टाकीचे माप सुमारे ५६ लिटर भरते, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी जेमतेम ४५ लिटर राहते. गोल्डफिशला गार पाणी मानवते आणि तो घाणही पुष्कळ करतो. सकर फिश तर पूर्ण वाढला की फूटभराहून मोठा होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की एवढ्या टाकीत एकाच जातीचा थवा ठेवावा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील आपला झेब्रा डॅनिओ त्यासाठी उत्तम आहे.

प्रतिसाद (नेरूळ)

आपण वर्णन केलेल्या चुका मान्य आहेत, निष्कर्ष मात्र मान्य नाही. माझ्याकडे याच मापाच्या टाकीत आठ हार्लेक्विन रासबोरा, एक हनी गुरामी आणि सहा पिग्मी कोरीडोरास चार वर्षे एकत्र नांदत आहेत, कारण रासबोरा मधल्या थरात फिरतात, गुरामी बहुधा वर रेंगाळते आणि कोरीडोरास तळातील बारीक वाळूत अन्न शोधतात. दोष जातींच्या संख्येचा नसून चुकीच्या जोडीचा असतो. टायगर बार्बसोबत फायटर मासा ठेवला, तर बार्ब त्याचे लांब पर कुरतडणारच. शिवाय त्या कुटुंबाने पहिल्याच दिवशी मासे सोडले, हे तुमच्या लेखात ओझरते आले आहे, पण मला तेच मुख्य कारण वाटते. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. मी तेवढे दिवस टाकी माशांविना चालवली, रोज चिमूटभर खाद्य टाकले आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच पहिले मासे आणले. आणि एकाच जातीचा नियम गप्पींना लावून पाहा: मादी एकदा फळली की नर नसतानाही कित्येक महिने पिल्ले देत राहते आणि टाकी पाहता पाहता भरून जाते.

प्रतिसाद (कोपरखैरणे)

दोघांनीही पाण्याचा विचार केलेला नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते आणि ते मृदू असते. निऑन किंवा रासबोरा यांना तसेच पाणी हवे असते, पण मॉलीला क्षारयुक्त पाणी लागते. माझ्या दोन मॉली पर मिटून जागच्या जागी थरथरू लागल्या, तेव्हा मी आधी औषधे घातली आणि ती व्यर्थ गेली. फिल्टरमध्ये पाण्यात क्षार सोडणारे प्रवाळाचे तुकडे ठेवल्यावर काही आठवड्यांत त्या सावरल्या. म्हणून मॉली आणि निऑन, दोघेही शांत स्वभावाचे असले तरी, मी एकत्र ठेवणार नाही.

प्रतिसाद (घोडबंदर रोड)

नेरूळच्या सदस्यांना एक प्रश्न आहे. मे महिन्यात माझ्या बंद घरातील टाकीचे पाणी ३१ अंशांपर्यंत जाते आणि पाणी जितके तापते तितका त्यातील प्राणवायू कमी होतो. २२ ते २६ अंशांत सुखी असणारे कोरीडोरास तेव्हा कसे तग धरतात? मी एकट्या फायटरवर समाधान मानले आहे, कारण तो पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेऊ शकतो.

प्रतिसाद (नेरूळ)

प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात मी झाकण काढून वर जाळी ठेवते, पाण्यावर लहान पंखा लावते आणि उडालेले पाणी रोज भरते. त्यामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. एवढे करणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी कोरीडोरास आणू नयेत, हे मी मान्य करते.

मूळ लेखक (वर्तकनगर, ठाणे)

थरांचा मुद्दा मला पटला, तरीही पहिल्यांदा टाकी आणणाऱ्याला मी एकच जात सुचवीन, कारण पंखा, जाळी आणि चाचण्या सांभाळणारा माणूस तोवर तयार झालेला नसतो. त्या कुटुंबाचा विचार सकर फिश उपवन तलावात सोडण्याचा होता. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मासा आपल्या तलावांत माजला की तेथील माशांच्या मुळावर येतो, हे समजावल्यावर त्यांनी तो बेत सोडला. सकर आणि दोन्ही गोल्डफिश एका परिचितांच्या मोठ्या टाक्यांत गेले, एंजल दुकानदाराने परत घेतले आणि आता टाकीत फक्त फिल्टर चालू आहे. चाचणी नीट आली की पुढील महिन्यात दहा झेब्रा डॅनिओ आणायचे ठरले आहे.