लातूरसारख्या शहरात गाईड डॉग घ्यावा का? घरात दोन तट पडलेत, तुमची मतं हवीत

काठीवाली (लातूर)

नमस्कार. मी पंचवीस वर्षांची, जन्मापासून पूर्ण अंध, लातूरला बँकेत क्लार्क आहे. पांढऱ्या काठीनं एकटी ये-जा करते. गाईड डॉगसाठी, म्हणजे अंध माणसाला चालताना सोबत करायला शिकवलेल्या कुत्र्यासाठी, एका प्रशिक्षण संस्थेकडे अर्ज केलाय आणि सध्या त्याची तयारी चालू आहे. बाबा माझ्या बाजूनं, आई विरोधात, आणि काकांना हे सगळं परदेशी खूळ वाटतं.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण रोज कुणीतरी विचारतं, "म्हणजे कुत्रा तुला बँकेत नेऊन सोडणार का?" नाही. रस्ता मलाच पाठ असावा लागतो. कुठं वळायचं, कुठला चौक आला, हे मी सांगायचं. तो खड्डा, आडवी लावलेली मोटारसायकल, डोक्याच्या उंचीवर लोंबणारी फांदी चुकवतो, पायरीशी आणि रस्त्याच्या कडेला थांबतो. सिग्नल तो वाचत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते मी ठरवते. मात्र मी 'चल' म्हटलं आणि गाडी अंगावर येत असेल तर तो माझं ऐकत नाही, जागचा हलत नाही. हे न ऐकणं त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. म्हणून काठीनं नीट चालता येणं ही पहिली अट. माझा चालण्याचा वेग, घरातली जागा, रोजचे रस्ते हे सगळं बघून मग माझ्याजोगा कुत्रा निवडायचा आणि आम्हा दोघांना काही आठवडे एकत्र शिकवायचं, अशी पद्धत असते.

काठी जमिनीवरचं सगळं सांगते. पण ट्रकच्या मागं बाहेर आलेल्या सळया, टपरीच्या पत्र्याची कड तिला कळत नाही. माझ्या कपाळावर त्याच्या खुणा आहेत. आणि गंजगोलाईत, म्हणजे आमच्या इथल्या गोल बाजारपेठेत, तर सोळा रस्ते येऊन मिळतात. गोल फिरता फिरता एखादा हातगाडा आडवा आला, त्याला वळसा घातला, की आपण कुठल्या रस्त्याच्या तोंडाशी उभे आहोत हेच कळेनासं होतं. कुत्रा असला की तो गाड्याला वळसा घालून मला परत त्याच रेषेत आणतो. मला हे हवंय.

नांदेडकर सर

ताई, तुमच्या धडाडीबद्दल आदर आहे, पण मी ठाम विरोधात आहे. मी स्वतः अंध, शिक्षक, आयुष्य काठीवर गेलं.

काठी घडी करून पिशवीत ठेवता येते. तिला ताप येत नाही. एसटीत आपल्याला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण लग्नसराईत उभं राहायला जागा नसते तिथं लॅब्रॅडॉर कुठं बसवणार? कुत्रा फार तर आठ-दहा वर्षं काम करतो, मग निवृत्त होतो. तुम्ही तेव्हा पस्तिशीच्या. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं, आणि ज्याच्यावर जीव लावला तो म्हातारा होताना सोसायचं.

डोक्याच्या उंचीवरच्या अडथळ्याला उपाय आहे. आयआयटी दिल्लीनं तयार केलेली स्मार्टकेन २०१४ पासून मिळते. साध्या पांढऱ्या काठीवर बसवायचं यंत्र आहे ते. अल्ट्रासाउंडनं गुडघ्याच्या वरचा अडथळा ओळखतं आणि मुठीत थरथर होते. कुत्र्याच्या मानानं खर्च काहीच नाही.

आणि मूळ दुखणं वेगळंच आहे. आपल्याला फुटपाथ नाहीत. आहेत तिथं दुकानं मांडलेली. एका मुलीला कुत्रा मिळाला म्हणून माझ्या शाळेतल्या पोरांचा रस्ता मोकळा होत नाही. ती ताकद फुटपाथ मागण्यात लावा.

पशुवैद्य (परभणी)

सरांचा शेवटचा मुद्दा सोडून देतो, त्यातलं मला कळत नाही. कुत्र्यातलं कळतं, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. दुपारी डांबरावर हाताची पालथी बाजू टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेवता आली नाही तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे तळवे भाजणार. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर दाट केसांचे. आपल्यासारखा त्यांना अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करतात. उष्माघात झालेला लॅब्रॅडॉर टेबलावर आला की हातात फार थोडा वेळ असतो. तुमची बँकेची वेळ सकाळची ठीक, पण परत येताना संध्याकाळी पाचला रस्ता तापलेलाच असतो.

दुसरी, माझ्या मते मोठी गोष्ट भटकी कुत्री. प्रत्येक गल्लीची टोळी असते आणि परकं कुत्रं आलं की ती अंगावर येते. हार्नेसमधला (अंगावरच्या पट्ट्याला तुम्ही धरायची मूठ असते तो) कुत्रा शिकवलेला असतो, तो उलटून चावणार नाही, पळणारही नाही, कारण मागं तुम्ही आहात. एकदा जबर हल्ला झाला तर चांगला तयार कुत्राही कायमचा बिचकतो आणि कामातून जातो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं. म्हणजे ती तिथंच राहणार, हे धरूनच विचार करा.

गोचीड ताप आपल्याकडे कायम असतो. अंगावर रोज बोटं फिरवून गोचीड शोधता येतात. कानामागं, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. त्याला डोळे लागत नाहीत, शिकवायला मी तयार आहे. 'घेऊ नका' असं म्हणत नाही. एवढं झेपणार असेल तर घ्या.

सईची आई (बीड)

माझी मुलगी सतरा वर्षांची, अंध. मी बाजूनं आहे. काठी घेऊन निघाली की लोक न विचारता दंडाला धरतात, रस्ता ओलांडून देतात, आणि कधीकधी तिला जायचं नसतं त्या बाजूला नेऊन सोडतात. वयात आलेल्या मुलीच्या अंगाला कुणीही हात लावावा? शेजारी कुत्रा असेल तर माणूस आधी तोंडानं बोलेल. सर, तुम्ही पुरुष आहात, हा भाग तुमच्या हिशोबात आला नाही.

नांदेडकर सर

बाई, तुमचं म्हणणं मान्य आहे, ते माझ्या लिहिण्यात आलं नव्हतं. पण दंड न धरता आधी विचारावं हे लोकांना शिकवायचं की कुत्र्याच्या भीतीनं गप्प बसवायचं?

माहूरवासी

आईंच्या विरोधाबद्दल दोन ओळी. विटाळाचा प्रश्न असेल तर आमच्या माहूरच्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. आणि नामदेव महाराज हिंगोलीकडच्या नरसीचे; कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले ते. आपल्या मुलखाला कुत्रं परकं नाही.

काठीवाली

सगळ्यांचे आभार. माहूरवासी, आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दत्ताची कुत्री देवळात असतात, माझ्या ओट्यापाशी नाही." तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुत्रा येणार नाही, हे मी तिला कबूल केलंय. तसंही त्याला ठरलेल्या जागी बसायची सवय लावलेली असते.

सर, फुटपाथसाठी निवेदन द्यायचं असेल तर पहिली सही माझी. पण फुटपाथ होईपर्यंत मी कपाळ फोडून घेत राहू का? पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ मध्ये गाईड डॉगची शाळा निघाली. त्या माणसांनीही आधी रस्ते सुधारू द्या असं म्हटलं नाही. स्मार्टकेन मी वापरून पाहिलीय. गर्दीत ती सतत थरथरते, कारण गर्दीत समोर सतत कुणीतरी असतंच. अडथळा आहे एवढं ती सांगते, वाट कुठून आहे ते सांगत नाही. म्हातारपणाचं म्हणाल तर तो निवृत्त झाल्यावर आमच्याच घरी राहील. बाबांनी ते आधीच सांगून टाकलंय.

डॉक्टर, तुमचं म्हणणं मात्र पूर्ण मान्य. कुत्रा उन्हाळ्याच्या तोंडावर घेणार नाही, पावसाळा संपल्यावरच. मेमध्ये बँकेतून येताना ऑटो, फिरणं पहाटे. भटक्या कुत्र्यांचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना एक काकू भाकरी घालतात. त्यांची नसबंदी करून घ्यायला त्या तयार आहेत, पण गल्लीपुढच्या रस्त्याचं काय? बँकेत साहेबांना लेखी अर्ज दिलाय, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून. टेबलाखाली जागा मोजून झाली.

नांदेडकर सर

मला अजून पटलेलं नाही. कुत्र्यावर हल्ला झाला तर तुम्ही दोघंही रस्त्याच्या मधोमध असाल. ही भीती मी मागं घेत नाही. पण रस्ते पाठ करायचे असतील तर नकाशापेक्षा माणूस बरा. गंजगोलाईत रोज काठीनं जाणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याला विचारून सांगतो.

काठीवाली

नक्की विचारा सर. मला आधी सराफ्याकडून भाजी मंडईकडं जायचा तुकडा शिकायचाय, तिथंच सगळ्यात जास्त चुकते. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत जमेल का, तेवढं त्यांना विचारा.